फाइल लॉक झालीय? कुलूप तोडण्याआधी चाळीस पावलं चाला



गेल्या काही महिन्यांत बोईसर आणि पालघरच्या वर्कशॉपमध्ये मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. "सर, ऑफिसातली एक्सेल फाइल उघडायला गेलो की येतं, फाइल लॉक्ड फॉर एडिटिंग. हे लॉक तोडायचं कसं?" कुणाचं पॅकिंग मटेरियल आहे, कुणाचं फॅब्रिकेशन, कुणी केमिकलच्या ड्रमचा धंदा करतो. दोन-तीन कॉम्प्युटर, एक शेअर केलेलं फोल्डर आणि त्यात ती एक फाइल, जिच्यावर सगळा धंदा उभा. डिस्पॅच, स्टॉक, उधारी सगळं त्यातच.

तोडायचं कसं ते मी सांगणार आहे. पण आधी माझं मत सांगतो, मग पटो न पटो. दहापैकी नऊ वेळा ते लॉक बरोबर असतं आणि घाईत असलेला मालक चुकीचा असतो. लॉक हा बिघाड नाही. ते तुमच्या ऑफिसातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक कामगार आहे. पगार मागत नाही, सुट्टी घेत नाही, फक्त एवढंच सांगतं की "थांबा, आत कुणीतरी आहे."

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या हातून जे झालं ते सांगतो.

माझी चूक

ट्रेनिंगच्या कामात यायच्या आधी तारापूर एमआयडीसीत आमचा पॅकिंगचे खोके बनवायचा छोटा कारखाना होता. पुढे ऑफिसची खोली, मागे पत्र्याच्या शेडमध्ये गोडाऊन. ऑफिसात एक कॉम्प्युटर, गोडाऊनमध्ये एक, माझा लॅपटॉप वेगळा. डिस्पॅचचं रजिस्टर म्हणजे एक एक्सेल फाइल. ती इतकी जुनी होती की वरच्या पत्त्यात "जि. ठाणे" तसंच राहिलं होतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, पण आमच्या फाइलला ते कुणी कळवलंच नव्हतं.

ऑफिसचं काम बघायला सफाळ्याची एक मुलगी होती. कामाला चोख. संध्याकाळी सहाला टेबल आवरून गाडीला जायची. गोडाऊनचं काम माझा भाचा बघायचा.

एके दिवशी सातच्या सुमाराला मी लॅपटॉपवरून रजिस्टर उघडायला गेलो. मेसेज आला, फाइल लॉक आहे, आणि नाव त्या मुलीचं. तिच्या टेबलाकडे बघितलं तर कॉम्प्युटर बंद. मी मनात म्हटलं, ही फाइल उघडी ठेवून गेली, आणि आता लॉक अडकलंय. एका पार्टीला त्याच रात्री स्टॉकचा आकडा द्यायचा होता. मी सरळ फाइलची कॉपी डेस्कटॉपवर घेतली, नाव दिलं "डिस्पॅच फायनल २", आणि त्यात तासभर काम केलं. सकाळी नऊला माझी फाइल उचलून मूळ फाइलच्या जागी टाकली. कॉम्प्युटरने विचारलं, "रिप्लेस करू?" मी म्हटलं, कर.

आता त्या वेळी खरं काय चाललं होतं ते ऐका. मागे गोडाऊनमध्ये भाचा बसला होता. एका औषध कंपनीने छपाई चुकलेली म्हणून एक पूर्ण लॉट परत पाठवला होता. तो गाडीतून उतरवून त्याची "रिजेक्ट, पाठवू नये" अशी नोंद तो त्याच फाइलमध्ये करत होता. रात्री नऊला फाइल सेव्ह करून तो घरी गेला. सकाळी माझ्या फाइलने त्याची सगळी नोंद पुसली. रजिस्टरमध्ये तो लॉट चांगला माल म्हणून दिसू लागला. दुपारच्या गाडीत तोच माल भरला गेला आणि त्याच कंपनीच्या गेटवर पुन्हा जाऊन उभा राहिला.

त्यांच्या परचेसच्या साहेबांचा फोन आला. आवाज अजिबात चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. पुढच्या ऑर्डर थांबल्या.

मी काय केलं असेल? सगळ्यांसमोर त्या मुलीला बोललो. "तू फाइल उघडी ठेवून गेलीस म्हणून हे झालं." ती म्हणाली, "सर, मी बंद करून गेले होते. मशीनच बंद होतं." मी ऐकलं नाही. माझ्याकडे पुरावा होता ना! स्क्रीनवर तिचं नाव मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं.

महिनाभर ती कामावर आली, नंतर यायची बंद झाली.

पुढे बऱ्याच दिवसांनी हार्डवेअरवाला दुसऱ्या कामाला आला, तेव्हा सहज बोलता बोलता उलगडा झाला. एक्सेल लॉकच्या मेसेजमध्ये जे नाव दाखवतं ते माणसाचं नसतं. ऑफिस सॉफ्टवेअर टाकताना "युजर नेम" म्हणून जे टाइप केलेलं असतं, ते नाव तिथे येतं. आमच्याकडे दोन्ही मशीनचं सेटिंग त्या मुलीनेच करून दिलं होतं. त्यामुळे गोडाऊनच्या मशीनवरही तिचंच नाव होतं. भाचा फाइल उघडायचा आणि नाव तिचं यायचं.

मी ऑफिसातून उठून गोडाऊनपर्यंत चाळीस पावलं चाललो असतो, तर भाचा समोर बसलेला दिसला असता. मी तिला फोन करून माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "सर, तेव्हा विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं, दोन्हीकडे माझं नाव आहे म्हणून."

पार्टी सहा महिन्यांनी परत आली. ती मुलगी नाही आली.

तुमच्याच एमआयडीसीतला नियम

बोईसरमध्ये राहणाऱ्या माणसाला लॉक समजावून सांगायची खरं तर गरज नसावी. तुमच्यापैकी किती जणांनी कंपनीत मेंटेनन्सला काम केलंय? "लॉकआउट-टॅगआउट", लोटो, माहीत असेल. मिक्सरच्या आत उतरायचं असेल तर फिटर आधी पॅनेलचा मेन बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप घालतो, नावाचा टॅग लावतो आणि चावी खिशात ठेवतो. दोघं आत उतरणार असतील तर दोन कुलपं. प्रॉडक्शनचा मॅनेजर कितीही ओरडला तरी दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही.

मग फिटर कुलूप तसंच ठेवून घरी गेला तर? त्यालाही नियम आहे. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या १९८९ च्या नियमात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, तो माणूस खरंच आवारात नाही याची खात्री करा. दोन, त्याच्याशी संपर्क करायचा पुरेसा प्रयत्न करा. तीन, कुलूप काढलं हे तो पुन्हा कामाला लागायच्या आधी त्याला कळलंच पाहिजे.

फाइलच्या लॉकला हेच तीन नियम लावा. माणूस आहे का बघा, फोन करा, काढलं तर त्याला सांगा. मी यातलं एकही केलं नव्हतं. तिथे जीव जातो आणि इथे धंद्याचा विश्वास जातो, म्हणून दोन्हीची तुलना करता येणार नाही हे मला कळतं. पण सवय तीच लागते.

कुलूप वेगळं, टॅग वेगळा

आता थोडं आतलं समजून घेऊ. हे कळलं की अर्धी भीती जाते.

तुम्ही शेअर फोल्डरमधली एक्सेल फाइल उघडता, तेव्हा दोन गोष्टी होतात. पहिली, फाइल ज्या मशीनवर ठेवलेली आहे ते मशीन नोंद घेतं की अमुक कॉम्प्युटरने ही फाइल लिहिण्यासाठी उघडली आहे. हे खरं कुलूप. दुसरी, त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल तयार होते. तिच्या नावाच्या सुरुवातीला ~$ असं चिन्ह असतं. तिच्यात नाव लिहिलेलं असतं. हा टॅग.

फाइल नीट बंद केली की दोन्ही निघून जातात. पण मध्येच लाइट गेली, एक्सेल हँग झालं किंवा नेटवर्कची वायर निघाली, तर टॅग मागे राहू शकतो आणि मग चुकीचं नाव दिसू शकतं. कुलूपही थोडा वेळ राहतं, कारण समोरचं मशीन खरंच गेलं की नुसतं तुटलंय हे फाइल ठेवणाऱ्या मशीनला लगेच कळत नाही. ते वाट बघतं.

म्हणून इंटरनेटवर सापडणारा "ती ~$ वाली फाइल डिलीट करा" हा उपाय अर्धवट आहे. टॅग फाडला म्हणून कुलूप निघत नाही. विंडोजवर ती फाइल डिलीट होतच नसेल आणि "वापरात आहे" असं सांगत असेल, तर समजा की आत माणूस आहे.

ज्यांच्याकडे लिनक्सवर चालणारी मशीन किंवा एनएएसचा डबा आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लिनक्सच्या जगात फाइल शेअर करायची जुनी पद्धत म्हणजे एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत लॉकचं काम एका वेगळ्या सेवेकडे होतं, आणि मशीन मधेच बंद पडलं की लॉक लटकून राहायचं. चौथ्या आवृत्तीत लॉक भाड्याने दिल्यासारखं आहे. वापरणाऱ्या मशीनने ठरावीक वेळात "मी अजून आहे" असं कळवलं नाही, तर सर्व्हर लॉक सोडवू शकतो. लिनक्सवर ही मुदत साधारणपणे ९० सेकंद ठेवलेली असते. म्हणून कुणी तुम्हाला एनएएस बसवून देत असेल तर विचारा, "एनएफएस कितवी आवृत्ती?" आणि एकच फोल्डर विंडोजच्या आणि लिनक्सच्या अशा दोन वेगवेगळ्या पद्धतींनी शेअर करू देऊ नका. प्रत्येक सेटिंगमध्ये एका बाजूचं लॉक दुसऱ्या बाजूला दिसेलच असं नाही.

लॉक आलं तर काय करायचं, क्रमाने

हे सहा मुद्दे कागदावर लिहा आणि कॉम्प्युटरशेजारी चिकटवा.

१. मेसेज वाचा. "कॅन्सल" दाबायची घाई नको. त्यात नाव असतं. नुसता आकडा बघायचा असेल तर "रीड ओन्ली" दाबा, आकडा बघा, बंद करा. लिहायचं असेल आणि घाई नसेल तर "नोटिफाय" दाबा. फाइल मोकळी झाली की एक्सेल स्वतः सांगतं.

२. उठा आणि बघा. नाव कुणाचंही असो, प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन बघा. बाहेरचा माणूस असेल तर फोन करा. नाव हा फक्त इशारा आहे, पुरावा नाही. हे वाक्य मला फार महाग पडलंय, तुम्ही फुकट घ्या.

३. कुणाच्याच स्क्रीनवर फाइल दिसत नसेल तर फाइल ठेवलेल्या मशीनला विचारा. "कॉम्प्युटर मॅनेजमेंट" उघडा, त्यात "शेअर्ड फोल्डर्स", त्यात "ओपन फाइल्स". कुठली फाइल कुठल्या लॉगिनने उघडली आहे त्याची यादी दिसते. शेजारच्या "सेशन्स" मध्ये कुठल्या कॉम्प्युटरवरून, तेही दिसतं. इथे एक गंमत होते. सगळे जण "ऑफिस" नावाच्या एकाच लॉगिनने येत असतील तर यादीत सगळीकडे "ऑफिस"च दिसणार. म्हणून प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. पैसे लागत नाहीत.

४. ज्या कॉम्प्युटरवर संशय आहे तिथे "टास्क मॅनेजर" उघडा. एक्सेल बंद दिसत असूनही यादीत चालू असेल तर तिथेच सापडलं. पण आधी बघा, मागे एखादी सेव्ह न केलेली फाइल तर उघडी नाही ना. मगच "एंड टास्क". फोल्डरच्या खिडकीत उजवीकडे फाइलची झलक दाखवणारा "प्रिव्ह्यू पेन" चालू असेल तर तोही फाइल धरून ठेवू शकतो. तो बंद करा. लॅपटॉपचं झाकण मिटून कुणी जेवायला गेलंय का, तेही बघा.

५. माणूस सापडला नाही, फोन लागला नाही आणि काम अडलंय, तेव्हाच लॉक सोडवा. आधी मूळ फाइलची कॉपी घ्या, नावात तारीख, वेळ आणि तुमचं नाव टाका. मग "ओपन फाइल्स" मध्ये त्या ओळीवर उजवं क्लिक करून "क्लोज ओपन फाइल". समोरच्याचं सेव्ह न झालेलं काम यात अडकू शकतं, हे लक्षात ठेवूनच करा. लगेच ऑफिसच्या ग्रुपवर टाका: "७.१० ला डिस्पॅचचं लॉक मी सोडवलं. कुणी काम करत होतं का?"

६. फाइल उघडल्यावर शेवटच्या पाच नोंदी चलनाच्या कागदाशी ताडून बघा. कागद आणि फाइल जुळली तरच पुढे जा.

आणि जे मी केलं ते कधीच करू नका: कॉपी घ्यायची, तिच्यात काम करायचं आणि ती मूळ फाइलच्या जागी टाकायची. "फायनल २" नावाची फाइल ज्या ऑफिसात असते, त्या ऑफिसात खरी फाइल कुठली हे कुणालाच माहीत नसतं.

जिथे लॉकच नसतं

लॉक येतं तिथे निदान भांडण तरी होतं. खरी भीती तिथे आहे, जिथे लॉक येतच नाही आणि सगळं छान चाललंय असं वाटतं.

व्हॉट्सअपवर पाठवलेली एक्सेल ही पहिली जागा. पाठवल्या क्षणी एका फाइलच्या दोन झाल्या. त्यांना जोडणारं कुलूप जगात कुठेच नाही.

दुसरी जागा म्हणजे गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचं कॉम्प्युटरवरचं फोल्डर. ते शेअर फोल्डरसारखं दिसतं, पण तसं नसतं. प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी कॉपी असते आणि मागून जुळवाजुळव चालते. दोघांनी एकाच वेळी एक्सेल फाइल बदलली तर दोन आवृत्त्या तयार होऊ शकतात, आणि कुठली खरी ते तुम्ही बसून ठरवायचं. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा चालू डेटा अशा फोल्डरमध्ये ठेवू नका. बॅकअपची बंद कॉपी तिथे ठेवा, ते चालेल.

तिसरी जागा म्हणजे ओळखीच्या मुलाने बनवून दिलेलं छोटं बिलिंग सॉफ्टवेअर. पुष्कळदा त्याच्या पोटात एसक्युलाइट नावाचा डेटाबेस असतो. तो एका मशीनवर झकास चालतो. पण नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी वापरू नका, असं ते बनवणारेच सांगतात, कारण नेटवर्कवरच्या लॉकवर नेहमी भरवसा ठेवता येत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाही वायफायवरून वापरला तर बिघडू शकतो. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय कसं चालतं ते मी तुम्हाला सांगायला नको. गोडाऊनपर्यंत लॅनची वायर टाका.

यात कायद्याचाही भाग आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सलग हवा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. दोन फाइलींमधून बिलं निघाली की एकाच नंबरची दोन बिलं व्हायला एक घाईची दुपार पुरते. म्हणून बिलाचा नंबर नेहमी एकाच जागेवरून निघाला पाहिजे, आणि ती जागा एक्सेल नसावी. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, त्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारंच वापरावं लागतं.

"सर, सगळं ऑनलाइन टाकलं की प्रश्नच मिटला!"

हे कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे, आणि जमत असेल तर जरूर करा. गुगल शीट किंवा ऑनलाइन एक्सेलमध्ये चार जण एकदम लिहू शकतात, आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. लॉकचा मेसेज जवळजवळ दिसेनासा होतो.

पण नीट बघा, काय गेलं आणि काय राहिलं. लॉक गेलं. दोघांनी एकाच रकान्यात वेगवेगळा आकडा टाकायची शक्यता राहिलीच. शेवटी जो लिहील त्याचा आकडा राहतो आणि आधीच्याला पत्ताही लागत नाही. माझा भाचा आणि मी गुगल शीटवर असतो तर नोंद पुसली गेली नसती हे खरं. पण मी त्याच्या "रिजेक्ट" वर "ओके" लिहिलं असतं तर कुणी थांबवलं असतं? त्यासाठी कोणता रकाना कुणी भरायचा हे ठरवून बाकीच्यांना तो बंद करावा लागतो. म्हणजे पुन्हा कुलूपच!

दुसरं टोक म्हणजे "मोठा सर्व्हर घ्या" असं सांगणारे विक्रेते. तीन-चार कॉम्प्युटरच्या ऑफिसला नेहमीच्या विंडोजवर काम भागतं. विंडोज १० किंवा ११ प्रोवर एका वेळी २० जोडण्या चालतात. तुमचा प्रश्न मशीनच्या ताकदीचा असण्याची शक्यता कमी. त्याआधी चार बिनपैशाच्या आणि दोन थोड्या पैशाच्या गोष्टी करा.

प्रत्येक मशीनवर ऑफिसचं युजर नेम बरोबर टाका, शक्यतो माणूस आणि जागा दोन्ही: "गोडाऊन – अमुक". प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. फाइल ठेवलेल्या मशीनचा "स्लीप मोड" बंद करा. काम झालं की फाइल बंद करायची सवय लावा, आणि ती मालकापासून सुरू करा. मग खर्चाचं: त्या मशीनला आणि नेटवर्कच्या डब्याला यूपीएस, आणि गोडाऊनला वायर. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं करूनही रोज लॉक येत असेल, तर ती फाइल तुम्हाला वेगळंच काहीतरी सांगतेय. एका फाइलवर चार माणसांचं काम लादलंय. आवक, जावक, परत आलेला माल आणि उधारी अशा चार फाइली करा, प्रत्येकीला एक मालक द्या. बाकीच्यांनी वाचायचं, त्याने लिहायचं. धंदा वाढतोय याची ही खूण आहे, तिच्यावर वैतागू नका.

शेवटचं

धंदा सुरू करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना मी नेहमी सांगतो की सिस्टिम बनवा, माणसावर अवलंबून राहू नका. आज त्यात एक भर घालतो. सिस्टिमने दाखवलेल्या नावावरून माणसाला दोषी ठरवू नका. स्क्रीन सांगते ते कुणीतरी कधीतरी टाइप केलेलं असतं. समोर उभा असलेला माणूस "मी बंद करून गेले होते" असं सांगत असेल, तर आधी त्याचं ऐका, मग सेटिंग बघा. चांगला माणूस बोईसर-पालघरमध्ये मिळणं सोपं नाही. मोठ्या कंपन्या शेजारीच बसल्या आहेत आणि गाडी मुंबईला रोज जाते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एक्सेल उघडा. "फाइल", "ऑप्शन्स", "जनरल". तिथे युजर नेम काय आहे ते वाचा. दोन मशीनवर एकच नाव निघालं, किंवा दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचं नाव निघालं, तर ते आजच बदला. पाच मिनिटांचं काम आहे. काय निघालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा, पण माणसाचं नाव न टाकता!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा नेटाने करा, आणि फाइल बंद करून घरी जा.